स्लॅब पडायच्या आधीचा पंखा

सोलापुरात घर बांधायला काढलं की भेटेल तो माणूस पाण्याचं विचारतो. बोअर लागलं का, किती फुटाला लागलं, खाली टाकी केवढी करताय, तुमच्या भागात नळ किती दिवसांआड येतो. विचारणारच, पाण्यासाठी ताटकळलेलं गाव आहे हे. पण याच गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर मुक्कामाला असतो, ४३ च्या आसपासही जातो, आणि तरी "घरात हवा कशी खेळणार" हे मला एकाही पाहुण्यानं विचारलं नाही. फरशी कुठली, ओटा ग्रॅनाइटचा का, पीओपी करणार का, एसी किती, सगळं विचारून झालं. पंखे? ते काय, वास्तुशांतीच्या आधी जाऊन घेऊन यायचे, भिंतीच्या रंगाला जातील असे.

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे आणि आमचा स्लॅब पडायच्या आधीपासून मी ते सगळ्यांना सांगत सुटले होते. पंखा दुकानातून शेवटी आणा, पण तो कुठं लागणार, त्याच्या खाली कोण बसणार-झोपणार आणि त्यानं हलवलेली हवा खोलीतून बाहेर कुठून जाणार, हे सळई बांधायच्या वेळेलाच ठरलं पाहिजे. नंतर ठरवायला फक्त पात्यांचा रंग उरतो.

कसं असतं बघा. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला खालून धरणाऱ्या तात्पुरत्या सांगाड्याच्या, प्लायवर सळईची जाळी बांधून झाली की स्लॅब टाकायच्या आधी वायरमन येतो, पाइप अंथरतो आणि फॅन बॉक्स ठेवतो. फॅन बॉक्स म्हणजे लोखंडी गोल डबा, त्यात एक आडवी सळई, ती स्लॅबच्या सळईला तारेनं घट्ट बांधायची, डब्याचं तोंड खाली प्लायला टेकलेलं आणि आत माल शिरू नये म्हणून कागदाचे बोळे नाहीतर थर्माकोल कोंबलेलं. जागा काढायची रीतही ठरलेली, खोलीच्या चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरक्या ताणायच्या, जिथं फुली पडेल तिथं डबा. एकदा वरून माल पडला की तो डबा घराच्या आयुष्यभरासाठी तिथंच.

पण खोलीचा मध्य आणि राहणाऱ्या माणसाचा मध्य एक नसतो ना! आमची झोपायची खोली १२ बाय ११ ची, तिच्या एका भिंतीला दोन फूट खोल कपाट येणार हे आधीच ठरलेलं, म्हणजे वापरायची खोली उरली १० बाय ११ ची आणि तिचा मध्य एक फूट सरकला. दोरीच्या फुलीवर पंखा लावला असता तर त्याचा निम्मा वारा कपाटाच्या दारांना लागला असता आणि पलंगाच्या कडेला झोपणारा रात्रभर "जरा पंखा वाढव" म्हणत राहिला असता. मी प्लायवर खडूनं पलंग काढला, कपाट काढलं, आणि डबा एक फूट सरकवून घेतला. हॉल १८ बाय १२ चा, तिथं एकच मोठा १४०० मिलिमीटरचा पंखा लावा म्हणत होते सगळे, मी १२०० चे दोन पॉइंट मागितले. लांबट खोलीत एका पंख्याखाली सगळे दाटीवाटीनं बसतात आणि कडेच्या खुर्चीवरचा पाहुणा रुमालानं वारा घेत बसतो, हे आपण प्रत्येक घरात बघतो.

दिव्याचंही त्याच वेळेला बघून घ्या. पंख्याच्या वर छताला दिवा आला की पात्यांची सावली खोलीभर लुकलुकत राहते, अभ्यासाला बसलेल्या पोराच्या वहीवरून ती सारखी धावते आणि डोकं दुखायला लागतं. दिवा पात्यांच्या पातळीच्या खाली, भिंतीवर. एवढीच गोष्ट आहे पण पाइप टाकतानाच सांगावी लागते.

आता स्वयंपाकघर. माझा खरा जीव इथं अडकलेला आहे.

वायरमन मामा म्हणाले, "किचनला कोण पंखा लावतंय वहिनी, गॅस विझतो." त्यांची चूक नाही, नव्वद टक्के घरांत असंच चालतं. घरातली सगळ्यात तापलेली जागा, दोन-तीन शेगड्या पेटलेल्या, कुकर, तवा, आणि तिथं उभ्या असलेल्या बाईसाठी छताला पंखाच नाही. बाकीचे सगळे हॉलमध्ये पंख्याखाली ताटाची वाट बघत. आमच्याकडं दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी असते, भाकरीला आच मोठी लागते, तव्यावरून काढून जाळावर फुगवायची, त्या वेळी तोंडावर येणारी धग ज्यानं भाकरी केली त्यालाच माहिती. सासूबाईंनी सगळी हयात अशीच काढली. त्यांना मी विचारलं, आई, नव्या घरात तुम्हाला काय हवं? त्या म्हणाल्या, "मला काय नको गं, ओट्यापाशी थोडा वारा आला तर बरं." मी घराच्या नकाशावर बोट ठेवून भांडायला तिथून सुरुवात केली.

तर स्वयंपाकघरात वारा आणायचा म्हणजे दोन वेगवेगळी कामं असतात आणि लोक ती एकाच यंत्रावर ढकलतात. एक म्हणजे धग, वाफ, फोडणीचा ठसका बाहेर काढणं. दुसरं म्हणजे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाला वारा लागणं. पहिलं काम एक्झॉस्टचं, दुसरं पंख्याचं.

एक्झॉस्ट बहुतेक ठिकाणी खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी बसवतात, आणि खालची खिडकी उघडी. मग होतं काय, एक्झॉस्टला सगळ्यात जवळची हवा त्याच खिडकीतून मिळते, ती खालून आत येते आणि वरून बाहेर जाते, फोडणीचा धूर मात्र खोलीत तसाच फिरत राहतो, आणि घरातले म्हणतात एक्झॉस्ट कामाचा नाही. एक्झॉस्ट चालू असताना त्याच्याजवळची खिडकी बंद हवी आणि हवा आत यायची वाट समोरच्या बाजूला हवी, म्हणजे ती ओट्यावरून, उभ्या माणसाच्या पाठीवरून वाहत जाऊन धूर घेऊनच बाहेर पडते. आम्ही भांडी घासायच्या जागेकडं जो दरवाजा आहे त्याच्या खालच्या भागात पट्ट्यांची जाळी करून घेतली आणि एक्झॉस्ट बरोबर त्याच्या तिरक्या विरुद्ध कोपऱ्यात, गॅसच्या वर छताजवळ. खर्च म्हणाल तर सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. चिमणी घेणार असाल तर पाइप भिंतीबाहेर काढणारीच घ्या, बिनपाइपाची चिमणी तेल आणि वास गाळून तीच गरम हवा परत खोलीत सोडते, आपल्या फोडण्यांना आणि आपल्या उन्हाळ्याला तिचा काही उपयोग नाही.

आणि पंखा? ९०० चा छोटा, गॅसच्या डोक्यावर मुळीच नाही, मागच्या बाजूला जिथं भाजी चिरायला, पीठ मळायला उभं राहतो तिथं, पात्याचं टोक शेगडीपासून पाच-सहा फूट लांब राहील असा. एक-दोन वर ठेवला तर ज्योत हलत नाही आणि पाठीला वारा लागतो. मामांनी स्वतः पेटवून बघितलं आणि मग तेच पुढच्या साइटवर सांगायला लागले. गृहिणी म्हणून सांगते, नव्या घराच्या नकाशात हा एक पॉइंट मागून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

माझं आजोळ बार्शीकडचं. तिथलं घर माळवदाचं, दगड-मातीच्या दोन-अडीच हात जाड भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा थर, आणि माळवदाला मधोमध सवणं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं चौकोनी भोक, पाऊस आला की वर जाऊन झाकायचं. पंखा नव्हता त्या घरात कितीतरी वर्षं. भर मे महिन्यात दुपारी बाहेरून आत आलं की अंगावरून थंडावा जायचा. त्यात जादू काही नव्हती, जाड भिंत दिवसभराचं ऊन आत पोचूच द्यायची नाही आणि जी हवा तापायची ती वर चढून सवण्यातून निघून जायची. रात्री आम्ही सगळे माळवदावर, अंथरूण टाकून. त्या घराचे हालही होते, आत अंधार असायचा, चुलीच्या धुरानं आजीचे डोळे कायम लाल, आणि पावसाळ्यात माती गळायची. ते परत बांधावं असं माझं म्हणणं नाही. पण गरम हवा वर जाते आणि तिला वरून वाट पाहिजे, हे ज्या गवंड्यांना कळत होतं त्यांच्या पुढच्या पिढीनं सात फुटांवर लिंटल, म्हणजे दारा-खिडक्यांवरची आडवी तुळई, टाकलं आणि त्याच्या वरची तीन फूट भिंत सपाट बंद करून टाकली. खोलीतली सगळ्यात गरम हवा तिथंच साठते, आणि पंखा नेमका तिथंच फिरतो!

हे मला कळलं आधीच्या भाड्याच्या घरात. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, छताजवळ एकही झरोका नाही. दिवसभर तापलेला पाच इंची स्लॅब संध्याकाळनंतर आत उष्णता सोडायला लागतो, रात्री दहाला छताला हात लावला तर चटका नाही पण चांगली ऊब लागायची, आणि पंखा पाचवर केला की ती ऊब ढकलून पलंगावर आणायचा. तवा गरम असताना वरून फुंकर मारावी तसं. मूल झोपायचं नाही, ओला पंचा अंगावर टाकून रात्र काढायची. घरमालकांना गच्चीवर पांढरा रंग मारू द्या म्हणून विचारलं तर नको म्हणाले.

पंखा हवा गार करत नाही हो, तो फक्त हलवतो. हलत्या हवेत घाम लवकर वाळतो म्हणून आपल्याला बरं वाटतं. खोलीतली हवाच तापलेली असेल तर भारीतला भारी पंखा तेवढंच करणार. म्हणून नव्या घरात पंख्याचं बजेट ठरवायच्या आधी आम्ही गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर करून घेतला, चायना मोझॅक म्हणतात तो, तोच वॉटरप्रूफिंगही सांभाळतो. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी दर उन्हाळ्याच्या तोंडाला चुन्याचा दाट हात मारला तरी फरक कळतो. आणि प्रत्येक खोलीत छताच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत दीड बाय एक फुटाचे व्हेंटिलेटर ठेवले. जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये, झेडपीच्या शाळांमध्ये असायचे ना, मधल्या कण्यावर फिरणारी काच आणि खाली लोंबणारी दोरी, दोरी ओढली की तावदान आडवं व्हायचं, अगदी तसेच करून घेतले. इंजिनिअर साहेब म्हणाले आता असं कोणी करत नाही, एसीला अडचण येते. येत नाही, एसी लावला की दोरी ओढून बंद करायचं, झालं.

खिडक्यांवरून तर आमच्या घरात आठवडाभर बैठका झाल्या. आमचे नात्यातले एक काका वास्तुशास्त्राचे जाणकार, त्यांचं म्हणणं पश्चिमेला खिडकी शक्यतो नको, असली तर लहान. उन्हाच्या हिशोबानं त्यात तथ्य आहेच, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन म्हणजे भाजून काढणारं. पण जून ते सप्टेंबर इकडं वारा पश्चिमेकडूनच येतो आणि हिवाळ्यात तो फिरून पूर्वेकडून येतो. पश्चिमेची भिंत बंद केली तर पावसाळ्यातली उमस, तीही पावसानं दडी मारलेल्या दिवसांतली, काढायची कशी? काकांना मी तेवढंच विचारलं. शेवटी खिडकी राहिली, उन्हाचा बंदोबस्त वेगळा केला. पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, वरचा छज्जा ते अडवत नाही, म्हणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंतीच्या पट्ट्या आणि बाहेरून बांबूची चिक. चिक आतून लावायची नाही, आतून लावली की ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं.

भारतीय मानक ब्युरोचं १९८७ सालचं एक हँडबुक आहे, एसपी ४१, त्यात हे सगळं मोजून लिहून ठेवलंय. वारा येणाऱ्या बाजूला एकच खिडकी असेल तर आत मिळणारा वारा बाहेरच्या जेमतेम दहा टक्के, तोही खिडकीच्या जवळपासच. समोरासमोर उघडण्या असतील आणि त्यांचं मिळून क्षेत्रफळ जमिनीच्या २० ते ३० टक्के असेल तर आतला वेग बाहेरच्या ३० टक्क्यांपर्यंत जातो. त्याच्या पुढं खिडक्या कितीही वाढवा, फायदा थोडाच. आता आमच्या १३२ चौरस फुटांच्या खोलीला हे लावून बघा, २६ ते ४० चौरस फूट पाहिजे. चार बाय चारच्या दोन खिडक्या म्हणजे ३२, कागदावर एकदम बरोबर बसतं. पण त्या खिडक्या सरकत्या असतील तर? एक पल्ला दुसऱ्याच्या मागं जातो, उघडतं फक्त निम्मं, म्हणजे १६. त्यावर डासांची जाळी, ती आणखी वारा खाते. नकाशात ३२ लिहिलेली खोली प्रत्यक्षात निम्म्यापेक्षाही कमी श्वास घेते, आणि मग लोक म्हणतात एवढ्या मोठ्या खिडक्या असून घर कोंदट का.

म्हणून आम्ही बिजागरीवर पूर्ण उघडणाऱ्या दोन झडपांच्या खिडक्या घेतल्या. सरकती खिडकी दिसायला सुटसुटीत, जागा खात नाही, पडदा लावायला सोपी, सगळं मान्य. पण जिथं वर्षातले आठ महिने वाऱ्यावर जगायचंय तिथं निम्मी खिडकी कायमची बंद ठेवणं मला पटलंच नाही.

एवढं सगळं झाल्यावर पंख्याच्या दुकानात गेलो. दुकानात आता पंखे कमी आणि शोभेच्या वस्तू जास्त असं झालंय, लाकडी पात्यांचे, पाच पात्यांचे, झुंबरासारखे दिवे लावलेले. पाती जास्त म्हणजे वारा जास्त असा समज आहे, तसं काही नसतं. वारा ठरतो पात्याची लांबी, त्याचा तिरकेपणा आणि मोटर यांच्यावर. मी सरळ प्रत्येक खोक्यावरचे आकडे वाचायला लागले आणि सेल्समन थोडा वेळ गप्प झाला. आकडे चारच बघायचे: स्वीप, म्हणजे पात्यांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, मिनिटाला किती घनमीटर हवा, किती वॅट, आणि सर्व्हिस व्हॅल्यू म्हणजे हवेला वॅटनं भागून येणारा आकडा. १२०० चा चांगला पंखा मिनिटाला २१० ते २३० घनमीटर हवा फेकतो. तेवढीच हवा जुना पंखा ७०-८० वॅट खाऊन देतो आणि बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल बंधनकारक झालंय, त्यामुळं आता दुकानातला नवा साधा पंखाही ५० वॅटच्या आसपास आलाय. हिशोब करताना हे लक्षात घ्या, कारण दुकानदार तुलना जुन्या ७५ वॅटशी करून दाखवतात. दिवसाला १५ तास, वर्षाला २४० दिवस आणि बीएलडीसीचे ३० वॅट धरले तर जुन्याच्या जागी बीएलडीसी लावल्यावर १६२ युनिट वाचतात, पण नवा साधा आणि नवा बीएलडीसी यांच्यातला फरक ७२ युनिटचाच. युनिटला दहा रुपये धरा, वर्षाला सातशे-सव्वासातशे. जिथं रोज पंखा चालतो त्या खोल्यांना, हॉलला बीएलडीसी घेतले, पाहुण्यांच्या खोलीला साधा. तिथं महिन्यातून चार दिवस चालणाऱ्या पंख्यावर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

पैशापेक्षा मला दोन गोष्टी जास्त मोलाच्या वाटल्या. उन्हाळ्यात सगळ्या गावाचे कूलर-एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं, आणि साधा पंखा नेमका तेव्हा रेंगाळायला लागतो, बीएलडीसी मात्र व्होल्टेज बरंच खाली गेलं तरी त्याच वेगानं फिरतो. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर. चार साधे जुने पंखे म्हणजे ३०० वॅट, चार बीएलडीसी म्हणजे १२०. लाइट गेल्यावर तीच बॅटरी दुपटीपेक्षा जास्त चालते, आणि आमच्याकडं घरात म्हातारं माणूस आहे. त्याची दुसरी बाजूही सांगते. साधा पंखा हळू झाला की कोपऱ्यावरचा माणूस कंडेन्सर बदलून देतो, शंभरच्या आतबाहेर काम होतं. बीएलडीसीचं सर्किट विजेच्या झटक्यात गेलं की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आणि गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे रंगाच्या आधी विचारायचं. आणि भिंतीवर साधं बटण हवंच. सासूबाईंना रिमोट सापडत नाही, सापडला तर चष्मा सापडत नाही, बटण दाबून वेग बदलणारं मॉडेल मिळतं ते घेतलं. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर जोडायचा नाही हेही वायरमनला बजावून सांगा.

रॉडकडं तर कोणाचंच लक्ष नसतं. खोक्यात जो फूटभराचा रॉड येतो तोच लावून मोकळे होतात. पातं छताच्या फार जवळ गेलं की त्याला वरून हवा घ्यायला जागा राहत नाही, किमान फूटभर अंतर पाहिजेच. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये एक सोपं सूत्र दिलंय, खोलीच्या उंचीची तिप्पट करा, त्यात तुम्ही ज्या उंचीवर बसता-काम करता ती मिळवा आणि चारनं भागा. आमचं छत साडेदहा फुटांवर, टेबल-पलंगाची पातळी अडीच फूट धरली, उत्तर आलं साडेआठ फूट. म्हणजे पाती छतापासून दोन फूट खाली. लांब रॉड वेगळे आणले, हाताला लागणार नाहीत एवढी उंची राहतेच. फॉल्स सीलिंग करणारे असाल तर पंखा स्लॅबच्या हुकालाच लटकला पाहिजे, जिप्समच्या फ्रेमला नाही, आणि रॉड फॉल्स सीलिंगच्या खालून मोजायचा. रॉडच्या वरची वाटीही घट्ट वर सरकवून बसवून घ्या, ती खाली उघडी राहिली की चिमण्या त्यात काड्या भरतात, आणि उन्हाळ्यात फिरत्या पात्यांत चिमणी सापडलेली मी पाहिलीय, ते बघवत नाही.

एवढं करूनसुद्धा मे महिन्यातल्या दुपारी पंखा पुरत नाही, हे मान्य करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की तापमान ४० अंशांच्या खाली असेल तरच पंखा वापरा, त्याच्या वर तो अंगाला आणखी तापवतो. आपल्याकडं दुपारी अडीच-तीनला बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून "वारा येऊ दे" म्हणण्यात काही राम नाही. सकाळी नऊ-दहाला खिडक्या, व्हेंटिलेटर, चिक सगळं बंद, संध्याकाळी ऊन कलल्यावर सगळं सताड उघडं. आजी हेच करायची. दुपारसाठी कूलर, इथली हवा कोरडी म्हणून तो चालतो, कोकणात त्याचा उपयोग नाही. पण कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद करणारी घरं मी रोज बघते, आणि मग तासाभरात चादरी दमट, अंग चिकट. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला समोरची खिडकी चार बोटं उघडी पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना अशा दुपारी पंख्याखाली नुसतं झोपवून ठेवू नका, ओल्या फडक्यानं हात-मान पुसत राहा, पाणी देत राहा.

एक काम अजून राहिलंय. आमचा जिना गच्चीवर जिथं निघतो ती छोटी खोली घरातली सगळ्यात उंच जागा, खालची तापलेली हवा जिन्यावरून चढून तिथं जाते आणि बंद दारापाशी अडते. तिथल्या दोन भिंतींत विटांची जाळी करायचीय. लॉरी बेकर या आर्किटेक्टनी केरळात कितीतरी वर्षं घराघरांतून अशा साध्या विटांच्या जाळ्या केल्या, महागाचं काहीच नाही त्यात. मिस्त्री म्हणतात पारवे शिरतील, म्हणून मागून बारीक तारेची जाळी लावायची ठरलीय, आणि पावसाच्या बाजूच्या विटा जरा बाहेर उतरत्या बसवायच्या. पाडव्याच्या आत हे काम उरकायचंय, त्यानंतर मिस्त्री उन्हामुळं दुपारची कामं घेत नाहीत. सासूबाईंनी तेवढ्यात आणखी एक मागितलंय, देवघरात समईच्या ज्योतीला न लागेल अशा उंचीवर एक छोटा झरोका, आणि तोही त्याच वेळी फोडून घेणार आहे.